सोवळे कान

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. चकलीच्या घासाबरोबर वाचकाला विनोदी कथा हवी, शेवटी राशिभविष्य हवे, आणि मधल्या पानांत फार तर एखादी डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट चालेल. पण वाद नको. हा संकेत मी पुष्कळ वर्षे इमानाने पाळला. कादंबऱ्या लिहिल्या, पोरांना शिकवले, आणि ज्याचे मत त्याच्या खिशात राहू दिले. यंदा मात्र राहवत नाही. तरी वाचकांना एवढे अभय देतो, की भांडण राजकारणाचे नाही, जातीचे नाही आणि जमिनीच्या बांधाचेही नाही. ते गाण्याचे आहे. आणि गाण्यावरून दिवाळीत भांडायचे नाही, तर भांडायचे तरी केव्हा?

निमित्त असे घडले.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. नवापूर तालुक्यातल्या, डांगच्या सरहद्दीला लागून असलेल्या एका पाड्यातला. त्याचे आजोबा पावरी वाजवीत. भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचे ते फुंकवाद्य ज्यांनी रात्रीच्या वेळी, डोंगराच्या आडून येताना ऐकले असेल, त्यांना मी अधिक सांगायला नको. ज्यांनी ऐकले नसेल त्यांना सांगून कळायचे नाही. नातवाच्या हाती मात्र पावरीऐवजी कॅसिओ आला. आमच्याकडे लग्नसराईत बँडच्या गाडीवर जो बाजा बांधतात, तो कोणत्याही कंपनीचा असो, त्याला कॅसिओच म्हणतात. हे पोर कोणाकडे न शिकता, नुसत्या कानाने ऐकून, रात्र रात्र वाजवी आणि चार महिन्यांच्या कमाईवर घराचे वर्ष काढी.

पुढे पोटासाठी तो मुंबईला गेला. दिवसा एका खानावळीच्या भटारखान्यात काम, आणि संध्याकाळी शिकवणी. शिकवणी कसली? तर पियानोची आणि गळ्याची. शिकवणारे एक वयोवृद्ध गोवेकर गृहस्थ होते. जन्मभर जॅझ वाजवलेले, आणि आता आपल्या दोन खोल्यांत मुले घेऊन बसणारे. तिथे तो तीन वर्षे शिकला आणि गावी परत आला.

आमच्या भागातल्या एका शाळेत मानधनावर संगीत-शिक्षक हवा होता. तो गेला. मी त्याच्याबरोबर गेलो. चार जण टेबलामागे बसले होते. एकाने विचारले, “काय शिकलास?” तो म्हणाला, “पियानो आणि गाणे. जॅझच्या पद्धतीने.” त्यावर चौघांपैकी दोघे हसले. तिसऱ्याने परीक्षेचे प्रमाणपत्र मागितले. आणि चौथ्याने जे वाक्य उच्चारले, ते वाक्य म्हणजेच माझ्या या लेखाचे कारण. तो म्हणाला, “आम्हाला इथे मुलांवर संस्कार करायचे आहेत, त्यांना क्लबात नाचवायचे नाही.”

खोलीच्या कोपऱ्यात पेटी होती. तिच्यावर धूळ होती. चौघांपैकी एकानेही त्याला म्हटले नाही, की बाबा रे, जरा वाजवून दाखव!

वाचकहो, नोकरी मिळाली नाही याचे मला फारसे दुःख नाही. नोकऱ्या मिळत नाहीत, हे आमच्या नंदुरबारकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. दुःख याचे आहे, की संगीताचा मास्तर निवडताना कोणी कान उघडले नाहीत. त्यांचे कान सोवळ्यात होते. आणि हे सोवळे त्या चौघांचेच आहे असे नाही. ते आपल्या साऱ्यांच्या घरी खुंटीवर टांगलेले आहे. म्हणून त्याचीच आज झडती घेऊ.

पहिला आरोप, जॅझ म्हणजे क्लबातले गाणे. असेल. क्लबात ते वाजले, हे खोटे नाही. आमची ठुमरी कोठे वाढली? लावणी कोठे वाढली? ज्या माडीवर पाय ठेवायला आपले आजे लाजत होते, त्याच माडीवरचे गाणे आपण आज दिवाळी-पहाटेला नवी साडी नेसून, अत्तर लावून, पुढच्या रांगेत बसून ऐकतो. गाणे कोठे वाजले यावरून त्याची जात ठरवायची, तर आपल्या संगीताच्या निम्म्या दौलतीवर पाणी सोडावे लागेल.

आणि जॅझ जन्मले तरी कोठे? अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. तिथे गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी, शेतावरची हाकारे-गाणी, देवळातली भजने आणि लष्करी बँडची टाकून दिलेली वाद्ये एकत्र करून हे संगीत घडवले. त्यांतला सर्वांत मोठा वादक लुई आर्मस्ट्राँग. जन्म १९०१ चा. घर दरिद्री, बाप सोडून गेलेला. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री या पोराने रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला, म्हणून पोलिसांनी त्याला पकडले आणि काळ्या अनाथ मुलांच्या सुधारगृहात धाडले. तिथे पीटर डेव्हिस नावाचा एक मास्तर होता. त्याने आधी पोराला दूर ठेवले, मग हळूहळू जवळ घेतले, हाती कॉर्नेट दिले आणि बँडचा म्होरक्या केले. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे.

आता मला सांगा, सुधारगृहातला हा मास्तर आणि आमच्या डोंगरातल्या आश्रमशाळेचा मास्तर यांत अंतर किती आहे? मुले तशीच. घरापासून लांब, अर्धी भाषा गिळून बसलेली, वर्गात मुकी आणि होळीच्या रात्री ढोलावर बेभान. अंतर एवढेच, की तिथे त्या दिवशी कोणाच्या तरी हातात एक वाद्य होते आणि ते मुलाच्या हातात देण्याची बुद्धी होती. आमच्याकडे पेटीवर धूळ आहे. ज्या संगीताचा सर्वांत मोठा माणूस एका मास्तराने सुधारगृहातून उचलला, त्या संगीताला आमची शाळा म्हणते की तुझ्यात संस्कार नाहीत!

दुसरा आरोप, हे संगीत परके आहे.

हा आरोप करणाऱ्या सद्गृहस्थांच्या घरी मी एकदा जाऊन बघणार आहे, की भजनाला कोणते वाद्य लागते. पेटी! ती कोठली? १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मलेली. तिथून ती बंगालमार्गे आली, मांडीशी बसली, आणि आज ती नसेल तर आपली आरती बेसूर होते. बालगंधर्वांच्या नाट्यगीतांना साथ कशाची होती? ऑर्गनची. म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरातल्या वाद्याच्या बहिणीची. नवरदेवाच्या वरातीत जो ट्रम्पेट किंचाळतो, तो गोऱ्या पलटणीच्या बँडमधून आलेला. हे सारे आपण पचवले आणि ढेकरही दिला नाही. मग सोवळे आडवे येते ते नेमके कोठे? शिकण्याच्या जागी. वाद्य चालते, पण ते वाजवण्याची विद्या परकी! म्हणजे घोडा आपला, पण लगाम धरायला शिकणे पाप.

अशा सोवळ्यांची आपल्याकडे परंपराच आहे. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. कारण असे दिले, की पेटीच्या पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत. कारण खोटे नव्हते. पण उपाय असा, की लाखो घरांत वाजणारे वाद्य तीस वर्षांवर सरकारी दारातून आत येऊ शकले नाही. १९५२ मध्ये आमचेच डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीचे मंत्री असताना तिथून सिनेमाची गाणी गेली. लोकांनी काय केले? शास्त्रीय संगीत ऐकायला लागले? छे! रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले. अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. हेतू चांगला होता हे मी नाकारत नाही. पण ज्याला जे ऐकायचे त्याच्या कानाला कुलूप लावून अभिरुची वाढत नाही, एवढा धडा तरी त्यातून घ्यायला हवा होता. तो आम्ही घेतला नाही. कुलूप तेच, ते आता शाळेच्या दारावर आहे, इतकेच.

आता या विद्येचे आपल्या मातीशी नाते काय, ते सांगतो.

पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वर वाचायला शिकवीत. गरीब रेंदेराचा मुलगाही कागदावरचे संगीत बघून व्हायोलिन वाजवू शके. पुढे पोट भरण्यासाठी हीच मुले मुंबईला आली. पोलिसांच्या बँडात, आगबोटींवर, मूक चित्रपटांच्या थिएटरांत त्यांनी वाजवले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझबँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आणखी आले. टेडी वेदरफर्ड नावाचा थोर पियानोवादक तर याच देशात राहिला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. आपल्या गोवेकरांनी या माणसांच्या शेजारी बसून ही विद्या उचलली. हळदोण्यात जन्मलेला अंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतला एक मानकरी. ट्रम्पेट असा वाजवी, की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. त्याचे धंद्यातले नाव चिक चॉकलेट.

हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकले नसेल, पण त्याचे काम प्रत्येकाने ऐकले आहे. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेले. या मराठी माणसाने आपल्या चालीला चिक चॉकलेटसारख्यांची साथ घेतली, आणि १९४७ चा ‘शहनाई’ आणि १९५१ चा ‘अलबेला’ निघाला. ‘अलबेला’त नाचतो कोण? गिरणी कामगाराचा मुलगा भगवानदादा. म्हणजे चाल पुणतांब्याची, नाच परळ-दादरचा आणि ट्रम्पेट हळदोण्याचा. याला परके म्हणायचे असेल, तर आपले कशाला म्हणायचे ते मला कोणी तरी लिहून कळवावे. गणपतीत ज्या ठेक्यावर आपली पोरे आजही नाचतात, तो ठेका आपण पायाने मान्य केला आहे. फक्त तोंडाने नाकारतो.

आणि नाकारताना आपण एक मोठे पाप केले आहे. आपण त्या माणसांची नावे विचारली नाहीत.

मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. वडील चर्चमध्ये गायनमास्तर. १९४३ मध्ये मुंबईला आले, चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवले, वाद्यवृंद लिहिला, आणि घरी मुलांना शिकवले. त्या शिकणाऱ्यांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल होते, राहुलदेव बर्मन होते. या माणसाने १९५८ साली स्वतःच्या हिमतीवर मोठा वाद्यवृंद उभा केला, त्यासाठी रागांवर आधारलेल्या रचना लिहिल्या, आणि सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात त्याची मैफल केली. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पुढे १९६५ मध्ये ते अमेरिकेला शिकायला गेले, परत आले, आणि माजोर्ड्याला गप्प बसले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. प्यारेलालनी गुरुदक्षिणा म्हणून आपल्या मास्तरांचे नाव गाण्यात गुंफले. नायक भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि तेच आपले नाव म्हणून सांगतो. सारा देश खदखदून हसला. आम्हीही हसलो, लहानपणी पडद्यासमोर फतकल मारून. तो खरा माणूस त्या वेळी जिवंत होता आणि पुढे २०१२ पर्यंत जिवंत होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. शिष्याने गुरूचे नाव घेतले. आपण त्याची गंमत केली.

मास्तर या प्राण्याचे आपल्या देशात हे असे होते. पण शाळेच्या मास्तराला निदान हजेरीपट असतो. घरी शिकवणी घेणाऱ्याला तोही नाही.

त्या म्हाताऱ्या गोवेकर मास्तरांना मी एकदा भेटलो आहे. माझ्या विद्यार्थ्याबरोबर गेलो होतो. दोन खोल्या, एकीत संसार, दुसरीत पियानो. पट्ट्या दातांसारख्या पिवळ्या पडलेल्या. तरुणपणी, म्हणजे जेव्हा चर्चगेटच्या रस्त्यावर हॉटेलाहॉटेलांतून जॅझ वाजत असे, तेव्हा ते तिथे वाजवीत. पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. मग एक विजेचा बाजा वीस माणसांचे काम करू लागला आणि वीस माणसे घरी बसली. तेव्हापासून शिकवणी.

पोर पियानोवर बसायला गेले, तो मास्तरांनी झाकण लावले. म्हणाले, “आधी गा, बाबा. गळ्यात नाही ते बोटांत कुठून येणार?” मग स्वतः चार मात्रांची एक ओळ गायले. पोराने ती गायली. मग झाकण उघडले. पोराने ती वाजवली. मग मास्तर म्हणाले, “हे माझे झाले. आता तुझे सांग.” पोराने तीच ओळ थोडी वळवून गायली. “पुन्हा. वेगळे.” पुन्हा. अशी सोळा-सतरा वेळा. एकदाही तीच ओळ नाही, आणि एकदाही ठेक्याच्या बाहेर नाही.

मी इतकी वर्षे वर्गात उभा आहे, पण ‘हे माझे झाले, आता तुझे सांग’ असे एकाही मुलाला म्हटल्याचे मला आठवेना. मी खाली मान घालून बसलो.

हे काही त्या एका म्हाताऱ्याचे वेड नव्हे. न्यूयॉर्कमध्ये लेनी ट्रिस्टानो नावाचा आंधळा पियानोवादक होता. त्याने १९५१ साली जॅझची शाळा काढली आणि नंतर मरेपर्यंत घरीच शिकवण्या घेतल्या. त्याची रीत हीच: थोर वादकांची तबकडी लावायची आणि त्यांचे वादन आधी जसेच्या तसे गळ्याने गायचे, वाद्याला हात नंतर. त्याच शहरात बॅरी हॅरिस होता. मूळचा डेट्रॉइटचा, आई चर्चमध्ये पियानो वाजवणारी. तो आठवड्याच्या आठवड्याला वर्ग घेई. पियानोवाल्यांचा वर्ग, गाणाऱ्यांचा वर्ग आणि उपजेचा वर्ग. नव्वदी ओलांडली, करोनाच्या साथीत घराबाहेर पडता येईना, तेव्हा त्याने यंत्राच्या पडद्यावरून शिकवले. २०२१ च्या डिसेंबरात तो गेला, तोवर शिकवणे चालूच होते. वाचकहो, आपले खाँसाहेब आणि बुवा दुसरे काय करीत होते? समोर बसवायचे, गाऊन घ्यायचे, आणि शेवटी ‘आता तू आपले म्हण’ म्हणायचे. ज्याला आपण गुरुमुखी विद्या म्हणतो, ती हीच. फक्त धोतराऐवजी पाटलोण आहे, म्हणून ओळख पटत नाही!

त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. मास्तरांनी विचारले, “तुझ्या गावचे काही गा.” पोराने आजोबांची पावरीवरची चाल गायली. मास्तर ती पियानोवर शोधू लागले. सगळी सापडली, एक स्वर मात्र सापडेना. ते या पट्टीवर बोट ठेवीत, शेजारच्या पट्टीवर ठेवीत, मान हलवीत. शेवटी दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या आणि हसले. मला म्हणाले, “मास्तर, ही जागा पियानोत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे आहे. आमचे जॅझवाले जन्मभर तीच शोधतात. याच्या आजोबांना ती ठाऊक होती.”

ज्या कारणासाठी पेटीला तीस वर्षे दाराबाहेर ठेवले, तीच ही गोष्ट. पट्ट्यांमध्ये स्वर मावत नाही! एकाने त्यावर बंदीचा हुकूम काढला. दुसऱ्याने दोन बोटांनी त्या फटीत हात घातला. यांत संस्कृतीचा रक्षक कोण, ते तुम्हीच ठरवा. आणि हेही पाहा, की पावरीची चाल त्या खोलीत मेली नाही. उलट ते पोर गावी आल्यावर पहिल्यांदा आजोबांच्या जुन्या सोबत्याकडे जाऊन बसले, म्हणाले, “बाबा, ती मधली जागा पुन्हा वाजवा.” बँडच्या गाडीवर असताना त्याला ही बुद्धी झाली नव्हती.

आता माझ्यावरचे आक्षेप मीच सांगतो, म्हणजे ते घ्यायला दुसऱ्याला त्रास नको.

कोणी म्हणेल, शिकवण्या घेणारे सगळेच काही ऋषी नसतात. पुष्कळ नुसते पैसे उकळतात. कबूल. शाळांतही तसे असतात आणि दवाखान्यांतही. म्हणून कोणी आजारी पडणे सोडत नाही. कोणी म्हणेल, पियानो ही श्रीमंतांची चैन आहे. तीही खरी. पण म्हणून तर मी आश्रमशाळेचे नाव घेतो. पियानो नको, कॅसिओ आमच्या पाड्यावर आधीच पोहोचला आहे. वाद्य पोहोचले, विद्या पोहोचली नाही, हेच तर रडगाणे आहे. आणि फीचे म्हणाल, तर त्या मास्तरांनी माझ्या विद्यार्थ्याकडून अर्धी फी पैशांत आणि अर्धी नंदुरबारच्या लाल मिरच्यांत घेतली. आमच्याकडे मिरचीच्या पथाऱ्या लागल्या, की हा पिशवी भरून नेई. मास्तरीणबाई त्यांतून वर्षाचा मसाला कुटीत. असा सौदा प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्या संस्थेला जमेल?

प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. माझी स्वतःची विद्या मॅट्रिकपुरती. कागदाचे मोल आणि कागद नसल्याचा अपमान, दोन्ही मला पुरते ठाऊक आहेत. पण कागद हा पाहुण्याच्या ओळखीच्या चिठ्ठीसारखा असतो. पाहुणा स्वतः दारात उभा असताना चिठ्ठी कोठे आहे म्हणून त्याला परत लावणारा यजमान शहाणा नव्हे. गाणाऱ्याला गायला सांगा, वाजवणाऱ्याला वाजवायला सांगा, आणि शिकवणाऱ्यापुढे दोन मुले बसवून अर्धा तास बघा. याहून सोपी परीक्षा जगात नाही. तिला फक्त कान लागतात.

आणि आता घराघरातल्या आईबापांशी दोन शब्द. रागावू नका, दिवाळी आहे. तुमची मुलगी गाण्याच्या क्लासला जाते. छान. तिसऱ्या महिन्यात तुम्ही मास्तरांना विचारता, “स्नेहसंमेलनासाठी एखादे गाणे बसवून द्याल का?” सहाव्या महिन्यात विचारता, “परीक्षा कधी?” आणि दहावीचे वर्ष आले, की पहिली कात्री गाण्याला. गणिताच्या शिकवणीचे पैसे तुम्ही महिना सुरू होण्याआधी भरता. गाण्याच्या मास्तराला ‘पुढच्या वेळी’ म्हणता. त्याची बायकोही दुकानात उधारीच मागते, हे तुमच्या ध्यानी येत नाही. तुम्ही त्याच्याकडून एक गाणे मागता. तो तुम्हाला ऐकण्याची विद्या द्यायला बसलेला असतो. ती न घेता तुम्ही उठून येता, आणि मग चाळिशीत म्हणता, “आम्हाला बाई गाण्यातले काही कळत नाही.”

माझ्या शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास आहे. तास आहे, मास्तर नाही. त्या तासाला मी शुद्धलेखन घालतो. इतकी वर्षे घातले. म्हणजे टेबलामागे बसलेले ते चौघे आणि टेबलापुढे उभा असलेला मी, यांत फार अंतर आहे असे मी म्हणत नाही. ही झडती मी माझ्या खुंटीपासूनच सुरू केली आहे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. प्रत्येक आश्रमशाळेला गाण्याचा एक मास्तर द्या. तो भजनाचा असो, पावरीचा असो, ख्यालाचा असो की जॅझचा असो. त्याला कागदावरून नव्हे, कानाने निवडा. जे म्हातारे वादक आपल्या शहरांतल्या दोन-दोन खोल्यांत शिकवीत बसले आहेत, त्यांच्याकडे आपली पोरे पाठवा, ते आहेत तोवर. आणि गाणे आवडले, की वाजवणाऱ्याचे नाव विचारा. याला काही खर्च येत नाही.

माझा विद्यार्थी सध्या काय करतो, ही उत्सुकता कोणाला असेल. लग्नसराईत तो पुन्हा बँडच्या गाडीवर असतो. पण आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याच्या पडवीत पाड्यावरची नऊ पोरे जमतात. एक जुना कॅसिओ आहे. त्याच्या चार पट्ट्या मुक्या आहेत. मी परवा गेलो, तेव्हा कॅसिओवर फडके झाकलेले होते आणि तो पोरांना म्हणत होता, “आधी गा.” सर्वांत धाकटीने एक ओळ गायली. त्याने ती ऐकली, मान हलवली, आणि शेजारच्या पोराला म्हणाला, “हे तिचे झाले. आता तुझे सांग.”

फी काय घेतोस, म्हणून मी विचारले. त्याने पडवीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे मूठ-मूठ तूरडाळ, दोन भोपळे आणि मिरच्यांची एक पिशवी होती.

शाळेतला संगीत-शिक्षकाचा तो जागा अजून रिकामाच आहे. पेटीही तिथेच आहे. दिवाळीची साफसफाई करताना तिच्यावरची धूळ कोणी पुसली असेल, अशी आशा करू या.